दाखवायचे दात

‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ ही म्हण आम्ही वर्गात कितीदा समजावून दिली असेल, याची गणती नाही. गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी ती आम्हांलाच नव्याने शिकविली.

‘वॉच डॉग्ज’ या व्हिडिओ खेळाच्या दोन चित्रफिती त्यांनी संगणकावर शेजारी शेजारी लावल्या. पहिली जून २०१२ मधील, लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनातील. शिकागोची रात्र, पावसाने भिजलेला रस्ता, त्यात थरथरणारी दिव्यांची प्रतिबिंबे, वाऱ्यावर फडफडणारा नायकाचा कोट! दुसरी २७ मे २०१४ रोजी विक्रीस आलेल्या खेळातील. शहर तेच, नायक तोच. परंतु रया गेलेली. पुढे काही हौशी जाणकारांनी खेळाच्या फायली उकलल्या, तेव्हा प्रदर्शनातील काही दृश्यपरिणाम आतच बंद करून ठेवलेले आढळले. खेळाचे स्थैर्य व वेग बिघडू नये म्हणून ते बंद ठेवले, असा खुलासा युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने केला.

“बाबा, ही फसवणूक नव्हे काय?” चिरंजीवांनी विचारले.

आम्ही लगेच निवाडा दिला नाही. प्रदर्शनाच्या वेळी खेळ अपुराच असतो. दाखवावयाचा एखादा रस्ता, तोही काही मिनिटे आणि शक्तिमान संगणकावर. विक्रीच्या खेळात मात्र सबंध शहर लागते, तेही घरोघरच्या बेताच्या यंत्रावर अडखळता कामा नये. मग छाया आणि प्रतिबिंबे यांनाच कात्री लागते. ‘विचर ३’च्या पोलिश निर्मात्यांनी मे २०१५ मध्ये हीच अडचण मोकळेपणाने सांगितली होती.

हे सांगत असता आम्हांस आमचीच एक तपासणी आठवली. आदल्या आठवड्यात सातवीकडून नेमकी प्रश्नोत्तरे घोटवून घेतली होती, भिंतींवर नवे तक्ते लावले होते. साहेबांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला. ते गेल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने निरागसपणे विचारले, “सर, उद्यापासून नेहमीसारखेच ना?” त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तम ते मांडून दाखविण्यात दोष नाही; नमुन्याला नमुना न म्हणण्यात आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या खेळाच्या जाहिरातींविषयी तक्रार झाली, तेव्हा ही दृश्ये प्रात्यक्षिकातील आहेत, अशी सूचना देण्याचे सेगा कंपनीने मान्य केले. ती एक ओळ आधीच लिहिली असती, तर रागावण्याचे कारणच उरले नसते.

“होय, फसवणूकच,” आम्ही चिरंजीवांना म्हणालो, “आणि आम्हीही ती केली आहे.”

यंदाची तपासणी जवळ आली आहे. प्रश्नोत्तरे घोटवून घेऊ नयेत, असे आम्ही वर्गशिक्षकांना सांगितले आहे. शेरा काय मिळेल, ते पाहू.