उकिरडा मोडू नका!

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपण म्हणत आलो. हल्ली पांग फिटायला उकिरडाच जागेवर नसतो. गावठाणातल्या जागेला भाव आला, गोठ्यातली जनावरं कमी झाली आणि परसातल्या खताच्या खड्ड्यावर मोटारसायकलीची शेड उभी राहिली. दारची घाण गेली म्हणून घरची मंडळी खूश. जे थोडं शेण निघतं ते ट्रॉलीच्या भावाने दुसऱ्याच्या बागेत जातं, आणि आपण दुकानात पोत्यासाठी रांगेत.

याचा हिशेब बघायचा तर भेंडीच्या सरीत उभं राहावं. पेरल्यापासून 45-50 दिवसांत पहिला तोडा येतो. मग दीड-दोन महिने दिवसाआड, पहाटे, हाताला फडकं गुंडाळून बायाबापड्या वाकलेल्या. एक दिवस चुकला की भेंडी निबर. या काळात झाड एकाच वेळी वाढत असतं, फुलत असतं आणि फळंही देत असतं. अशा पिकाला एकदाच मेजवानी देऊन भागत नाही, त्याला रोजचा घास लागतो. युरिया टाकला की चार दिवसांत पानं काळीभोर होतात, बघून बरंही वाटतं. पण नत्र जास्त झालं की तीच लुसलुशीत पानं तुडतुड्यांना आणि माव्याला आवडतात, आणि मग फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नाही.

आता खरं तेही सांगतो. चांगल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते वीस किलोंच्या वर असतं. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत हवं. भेंडीला एकरी आठ टन कुजलेलं खत द्या असं सांगतात, त्यातून कागदावर चाळीस किलो नत्र निघतं. पण पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी त्यातलं थोडंच लागतं. म्हणून उद्यापासून गोणी बंद करा, असं मी म्हणणार नाही. शेणखताने केवडा बरा होतो असं कुणी सांगितलं, तर त्यावरही विश्वास ठेवू नका. केवडा पांढरी माशी आणते. त्यासाठी परभणी क्रांतीसारखं सहनशील वाण आणि रोगट झाड दिसताच उपटणं हेच उपाय.

मग उकिरडा कशासाठी? जमिनीसाठी. आपल्या कोरडवाहू रानांत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याखाली आहे. अशी जमीन पाणी धरत नाही, पावसाने दबते, उन्हाने तडकते, आणि तिच्यात टाकलेला युरिया निम्मा हवेत नाही तर पाण्याबरोबर जातो. कुजलेलं खत पडलं की ढेकूळ हाताने फुटतं, वाफसा लवकर येतो, भेंडीचं सोटमूळ खाली सरकतं. दोन पाण्यांतलं अंतर एखाद्या दिवसाने वाढलं तरी झाड माना टाकत नाही. गोणी आणि खत दोन्ही मिळून दिली, तर गोणीही जास्त कामाला येते.

मात्र उघड्यावर वर्षभर उन्हात सुकलेला आणि पावसात धुतलेला ढीग म्हणजे खत नव्हे. जनावराने टाकलेल्या नत्रातलं जवळजवळ निम्मं मूत्रात असतं, आणि ते आपण गटारात सोडतो. कच्चं शेण रानात टाकलं तर हुमणी आणि तणाचं बी घरी बोलावल्यासारखंच. खड्डा सावलीत घ्या: सहा फूट रुंद, तीन फूट खोल, लांबी जागेप्रमाणे. तळाशी धसकटं, पाचट, पालापाचोळा, त्यावर गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, शेणकाला, पुन्हा काडीकचरा. भरला की मातीने लिंपा, ओल टिकवा. तीन-चार महिन्यांनी हातात घेतल्यावर गरम लागलं नाही आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला, की समजा पिकलं.

हे काही नवं नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920च्या दशकात इंदूरला बसून काडीकचऱ्याचं खत शास्त्रशुद्ध केलं. आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचं दहा बाय सहा बाय तीन फुटांचं जाळीदार टाकं दिलं. त्याला शेण थोडंच लागतं. ज्याच्या दारी एकच गाय आहे त्याच्यासाठीच जणू ते केलं. जनावरच नसेल तर भेंडीआधी ताग पेरा आणि फुलोऱ्यात गाडा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे येतात. चार रात्री मेंढरं रानात बसवा आणि त्याचं धान्य, पैसे हात आखडता न घेता द्या. त्यांची वाट अडवून लेंडीखताचा पुरवठा आपणच बंद करतो आहोत.

सगळं रान एकदम करू नका. दहा गुंठे भेंडी धरा. तिला दोन टन पुरतं. एक मोठं जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकतं, तेव्हा दोन जनावरांच्या घराला हे अवघड नाही. शेजारी दहा गुंठे नेहमीच्या पद्धतीने ठेवा आणि दोन्हीकडचे तोडे वहीत वेगवेगळे लिहा. तीन वर्षं लिहा, एका हंगामावर निकाल देऊ नका.

उन्हाळी भेंडीचे तोडे मे महिन्यात संपतील. धाटं उपटून बांधावर ढीग कराल, तेव्हा काडेपेटी घरीच राहू द्या. धाटांचे तुकडे करा आणि खड्ड्यात पहिला थर त्यांचाच घाला.