मग दुसऱ्या दिवशी काय झाले?

गेल्या वर्षीच्या अंकात माझी एक कथा छापून आली होती. कथानायक कोरडवाहू कापूस पिकवणारा शेतकरी. पाऊस दगा देतो, सोसायटीचे कर्ज थकते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते आणि शेवटच्या परिच्छेदात तो आपले जीवन संपवतो. कथा तिथेच संपते. मित्रांनी पाठ थोपटली. 'शेवट अंगावर येतो' असे एका सरांनीही म्हटले. सुटीत अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो तेव्हा मोठ्या हौसेने अंक आईच्या हाती दिला. तिने सावकाश वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "मंग तिनी दुसरा दिन काय करं, भाऊ?"

"कोणी?"

"त्यानी बायकोनी."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या कथेत त्या बायकोला साधे नावसुद्धा नव्हते. त्या दिवसापासून मनात जे घोळते आहे ते या लेखात मांडतो आहे. प्राध्यापक मंडळींना त्यात उद्धटपणा वाटला, तर त्यांनी क्षमा करावी.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कथेत काय घडले याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच, कदाचित अधिक, त्यानंतर काय झाले याला आहे. जी कथा परिणामांपाशी पोहोचण्याआधीच पडदा पाडते, ती वाचकाला रडवते खरी. पण त्याला काही कळू देत नाही.

आईच्या प्रश्नाचेच पाहू. आपल्या जळगाव-धुळ्याकडे अशी घटना घडली की दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो. मग तहसीलचे कागद सुरू होतात. शासनाच्या २००६ सालच्या निर्णयाने अशा कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरली. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचे किंवा सोसायटीचे आहे का, सावकाराचे असेल तर त्याच्याकडे परवाना होता का, वसुलीचा तगादा होता का, हे सारे पाहिले जाते. म्हणजे काल नवरा गेलेली बाई आज नवऱ्याच्या कर्जाचा पुरावा शोधत पत्र्याची पेटी उपसत असते. त्यातच शेजाऱ्याचा आणलेला फवारणीचा पंप परत करायचा असतो, गाईला वैरण टाकायची असते. खरी कथा इथे सुरू होते. मी मात्र इथे पोहोचण्याआधीच 'समाप्त' लिहून मोकळा झालो होतो.

आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. महाभारतातले द्यूत आठवा. पहिल्या डावात युधिष्ठिर सर्वस्व हरतो, द्रौपदीला भरसभेत ओढून आणतात. पण त्यानंतर धृतराष्ट्र तिला वर देऊन पांडवांचे राज्य आणि स्वातंत्र्य परत करतो. म्हणजे झालेला डाव चक्क पुसून टाकतो! आजच्या मोबाइलवरच्या खेळात 'पुन्हा सुरू करा' असे बटण असते, तसलाच हा प्रकार. व्यासांनी महाभारत इथे संपवले असते, तर ती एक गमतीची जुगारकथा झाली असती. पण पुसला गेला तो फक्त हिशेब. झालेला अपमान पुसला गेला नाही, भीमाच्या प्रतिज्ञा पुसल्या गेल्या नाहीत. पुन्हा डाव मांडला जातो, आणि या वेळी बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास कोणीही माफ करत नाही. कुरुक्षेत्र या न पुसलेल्या परिणामांतून उभे राहते.

आखाजीला आपल्याकडे गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. तिथे हरलेला माणूस 'पुन्हा सुरू करा' म्हणू शकत नाही. त्याला घरी जाऊन बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. वसतिगृहात आम्ही मोबाइलवर जे युद्धाचे खेळ खेळतो, त्यांत मात्र मेलेला गडी अर्ध्या मिनिटात पुन्हा उभा राहतो. अशा खेळांनी माणूस हिंसक होतो, असे मला म्हणायचे नाही. मला एवढेच वाटते की त्यांत मरण स्वस्त असल्याने जगणेही स्वस्त होते. सगळेच खेळ असे नाहीत. 'धिस वॉर ऑफ माइन' हा पोलंडमधल्या एका कंपनीने २०१४ साली काढलेला खेळ पाहा. साराजेव्हो शहराच्या १९९२ ते १९९६ च्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. त्यात आपण सैनिक नसतो. वेढ्यात अडकलेली साधी माणसे असतो. रात्री एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून अन्न आणि औषधे उचलून आणता येतात. अडवणारे कोणी नसते. पण त्यानंतर आपलीच माणसे खिन्न होतात. आणि त्यांतला जो मेला तो पुढच्या दिवसांत परत येत नाही. पोलंडच्या सरकारने २०२० साली हा खेळ शाळांच्या अवांतर वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले, याचे मला नवल वाटत नाही.

इथे एक आक्षेप येईल: परिणाम दाखवायचे म्हणजे पाप्याला शिक्षा आणि पुण्यवानाला बक्षीस, असेच ना? मुळीच नाही. ती बोधकथा झाली. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची १९६३ साली आलेली 'कोसला' पाहा. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, वडिलांचे पैसे उधळतो, कॉलेजच्या उठाठेवींत पडतो, नापास होतो आणि गावी परततो. लेखक त्याला शिक्षा करत नाही, उपदेशही करत नाही. गेलेली वर्षे गेली आणि गेलेला पैसा गेला, एवढेच घडते. बहीण मनी मरते, ती मात्र कुणाच्या चुकीची शिक्षा म्हणून नव्हे. कर्माचे फळ आणि नुसता आघात या दोन गोष्टी कादंबरी वेगळ्या ठेवते.

हा भेद आपल्या भागातल्या माणसाला सांगावा लागू नये. धरणगावी जन्मलेले बालकवी १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडले; वय अवघे सत्तावीस. त्यात कोणता न्याय शोधायचा? 'पेरावे तसे उगवते' ही म्हण खरी. पण रावेरकडचा केळीवाला जाणतो की उगवलेले वादळात एका रात्रीत आडवे होते. वास्तव परिणाम दाखवायचा, तर वादळही दाखवावे लागेल आणि वादळानंतर हप्ता कसा भरला हेही दाखवावे लागेल.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आसक्ती सोड, असे गीता सांगते. फळ येणारच नाही, असे ती कुठेही म्हणत नाही. आसक्ती सोडणे हे कर्त्याचे काम. लेखकाला मात्र फळाकडे पाठ फिरवता येत नाही.

म्हणून लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी एकच विनंती आहे. कथेच्या शेवटी मरण, पळून जाणे किंवा नायकाचे एकाएकी सुधारणे येऊ लागले, की पेन खाली ठेवून आईचा प्रश्न स्वतःला विचारावा. मी या सुटीत ती कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. जुन्या कथेचा शेवट आता पहिल्या पानावर आला आहे. बाईचे नाव सुमन ठेवले. सध्या ती कर्जाचे पासबुक शोधते आहे, आणि पुढे काय होणार हे मला अजून माहीत नाही.

— तृतीय वर्ष, कला