वास न येणारी गळती

शीतकरणाच्या क्षेत्रात अमोनियाबद्दल एक विश्वास रूढ आहे आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे: हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया झाला की जिवाला तातडीचा धोका मानतात, पण त्याच्या कितीतरी आधीच तो नाकाला कळतो. मात्र हा इशारा मिळण्यासाठी वायू हवेत यावा लागतो. ज्या यंत्रणेत अमोनिया आधी ब्राइन, म्हणजे क्षारयुक्त पाणी, थंड करतो आणि ते ब्राइन पुढे बर्फ गोठवते, तिथे चिलरच्या, म्हणजे ब्राइन थंड करणाऱ्या भागाच्या, नळीला पडलेले बारीक छिद्र ब्राइनमध्येच उघडते. अमोनियाकडचा दाब सहसा जास्त असल्याने तो ब्राइनमध्ये शिरतो आणि पाण्यात सहज विरघळतो. पंप चालू, तापमान ठीक, खोलीत वास नाही, अशा अवस्थेत यंत्रणा आतून बिघडत राहते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नी येथील बर्फाच्या क्रीडागृहात १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तीन कामगार दगावले, ते याच वाटेने. कर्लिंगच्या मैदानाचा चिलर जुना झाला होता, तो बदलण्याचे काम पुढे ढकलले गेले होते आणि त्यात गळती आहे हे हंगामापूर्वीच लक्षात आले होते. तरीही तो चालू करण्यात आला. पुढे तो थांबवला गेला, पण त्याने गळती थांबली नाही. चालू चिलरमध्ये उणे १० अंशांना अमोनियाचा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो. असा चिलर अमोनिया काढून न घेता थांबवला आणि आतला द्रव २० अंशांपर्यंत तापला, तर तो दाब वातावरणाच्या सुमारे साडेआठ पटींवर जातो. म्हणजे यंत्र बंद असताना ब्राइनमध्ये अमोनियाचा शिरकाव वाढू शकतो, आणि ब्राइनला प्रसरणासाठी मोकळी वाट उरलेली नसेल तर तो दाब अशा सांध्यांवर येतो, जे त्यासाठी बनवलेलेच नसतात. फर्नीत ब्राइनच्या वाहिनीचा सांधा निसटला.

कोकणातल्या बर्फ कारखान्यांत डबे बुडवण्याची ब्राइनची टाकी उघडी असते, त्यामुळे तिथे दाब असा साठणार नाही, हे मान्य करायला हवे. जिथे ब्राइन बंद नळ्यांतून फिरते, तिथे मात्र धोका तोच आहे.

मला अधिक चिंता वाटते ती निर्णयपद्धतीची. लहान गळतीसह एक हंगाम निभावला, की ते निभावणे हाच पुढच्या हंगामासाठी पुरावा मानला जातो. वास्तविक छिद्राच्या कडा गंजाने किती झिजल्या, याची कोणतीही माहिती त्या निर्विघ्न हंगामातून मिळालेली नसते. ती माहिती ब्राइनच्या नियमित तपासणीतून आणि नळ्यांच्या परीक्षणातून मिळते, आणि दोन्ही खर्चिक नसले तरी दोन्हींसाठी कुणावर तरी नेमकी जबाबदारी टाकावी लागते.

म्हणून संयंत्र चालवणाऱ्यांना आणि त्याचा खर्च मंजूर करणाऱ्यांना एवढीच विनंती: ब्राइनच्या नमुन्यात अमोनिया ओळखणारे नेसलर द्रावण तपकिरी झाले, तर चिलर त्याच दिवशी थांबवा, त्यातला अमोनिया काढून घ्या, ब्राइनची प्रसरणाची वाट उघडी ठेवा, आणि नळी दुरुस्त होईपर्यंत तो पुन्हा चालू करू नका.