चिनी मशीन, देशी त्वेष

गलवान खोऱ्यात १५ जून २०२० रोजी २० भारतीय जवान हुतात्मा झाले. पंधरवड्यातच ५९ चिनी ॲपवर बंदी आली, चौकाचौकांत चिनी मालाच्या होळ्या पेटल्या. पण चीनमधून होणारी आयात २०२०-२१ मधील सुमारे ६५ अब्ज डॉलरवरून २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांवर गेली आणि आपली निर्यात २१ अब्जांवरून १४ अब्जांवर घसरली. ग्राहकाची देशभक्ती कमी पडली, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. दिव्यांच्या माळा आणि खेळणी डोळ्यांत भरतात, एवढेच. पैसा जातो तो यंत्रे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि रसायनांवर. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत जॅकसारख्या चिनी कंपन्यांच्या मशीनवर शिलाई चालते. तिथल्या मालकाने बहिष्कार पाळायचा, तर आधी स्वतःचेच काम बंद ठेवावे लागेल.

मग आयातशुल्क वाढवा, असे सांगितले जाते. त्याचा पहिला फटका बीजिंगला नव्हे, तर अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतील छोट्या रासायनिक कारखानदाराला बसेल, कारण कच्चा माल महागला तरी त्याला दुसरा पुरवठादार नाही. उलट, स्वस्त मिळते तर घ्यावे, हा बाजारपंडितांचा युक्तिवादही फसवा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ मध्ये पेनिसिलिन बनू लागले होते. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये ते सरकारी प्रोत्साहन देऊन काकीनाड्याला पुन्हा सुरू करावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळताच आपले वाहन उद्योजक हवालदिल झाले, हेही फार जुने नाही.

तेव्हा कझान आणि तियानजिनमध्ये दोन्ही देशांच्या नेत्यांच्या भेटी झाल्यानंतर संवाद सुरू झाला, थेट विमाने पुन्हा उडू लागली, हे चांगलेच. मात्र हाती पर्याय नसलेल्याच्या शब्दाला वाटाघाटीत वजन नसते. हा पर्याय घरातच उभा करावा लागेल आणि इथे अडचण आपलीच आहे. २०१७ च्या सुमारास चीनने प्रदूषण करणारे रासायनिक कारखाने बंद केले, तेव्हा इथले भाव चढले. ती पोकळी भरून काढण्याची संधी होती. पण आपल्याकडे सांडपाणी वालधुनी नदीत सोडल्यावरून जीन्स धुलाईच्या कारखान्यांनाच टाळे लागत होते. नदी नासवून चीनशी स्पर्धा करा, असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. दिल्लीने बीजिंगशी बोलत राहावे. राज्य सरकारने अंबरनाथ-बदलापूरची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आधी नीट चालवून दाखवावीत. त्याशिवाय चिनी रसायनाला पर्याय देणारा कारखाना इथे उभा राहणार नाही.