शिक्षा झाली, पण केव्हा?

परक्यांचा बागुलबुवा दाखवून मते मागणाऱ्या पक्षांचे करावे काय, हा पेच युरोपातील सरकारांना सध्या पडला आहे. बेल्जियममध्ये 'फ्लाम्स ब्लोक' पक्षाच्या तीन संलग्न संस्थांना २००४ साली वंशद्वेषाबद्दल न्यायालयाने दोषी ठरविले. पक्षाने नाव बदलले आणि तो पुन्हा मते मागू लागला. जर्मनीच्या घटना-न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये एका अतिउजव्या पक्षाचे सरकारी अनुदान सहा वर्षे बंद केले.

सहा वर्षे हा आकडा वाचून आम्हांस मुंबई आठवली. आम्ही सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. पक्षांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणे आमचे काम नव्हे. परंतु शासनाच्या वर्तनाविषयी बोलावयास हरकत नसावी.

१९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हा मराठी तरुणांची नोकरीविषयीची तक्रार खोटी नव्हती. तिची दाद घेण्याऐवजी, कम्युनिस्टांना परस्पर शह बसतो म्हणून सत्ताधाऱ्यांनी कानाडोळा केला, असा आरोप तेव्हा होत असे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यावरून 'वसंतसेना' असा टोमणाही रूढ झाला. पुढे डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्यास पोटनिवडणूक झाली. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली, पण ११ डिसेंबर १९९५ रोजी! तोवर त्याच पक्षाचे मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले होते. ती भाषणे करणारे बाळ ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला, तो आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. मुदत मात्र १९९५ पासून धरलेली. म्हणजे शिक्षा हाती पडली तेव्हा निम्म्याहून अधिक सरलेली होती.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांनी ही हकीकत परक्याची समजू नये. मुंबईत दाक्षिणात्यांविषयी जे बोलले गेले, त्यात 'दाक्षिणात्य' शब्दाच्या जागी 'मराठी' घालून कुणी ते येथे बोलू लागला तर? नेपानगरची कागद गिरणी १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केली. तिच्या आसऱ्याने नाना प्रांतांची माणसे येथे स्थिरावली. अशा वेळी आपण कोणाकडे धाव घेणार? कलेक्टर कचेरीकडे आणि न्यायालयाकडेच ना? आणि तेथे आठ वर्षे थांबण्याइतका दम कोणत्या कुटुंबात आहे?

निवडणूक-अर्ज उच्च न्यायालयाने शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावा, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलेले आहे.