न निघणारा मळ

आमच्या थोरल्या लेकीची मान मळकट दिसते, हे सर्वांत आधी तिच्या दादींनी पाहिले. ईदच्या नव्या कुर्त्याचा गळा जरा मोठा होता, तेवढेच निमित्त. मग आठवडाभर बेसन, दही, लिंबू असे सगळे प्रयोग झाले. घासून घासून मान लाल झाली, पण काळेपणा काही हटेना. ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून आम्हीही तिला दोन शब्द सुनावले. शेवटी पेणकरपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मान पाहताच विचारले, “घरात डायबेटीस कोणाला आहे?”

दादींना आहे, वीस वर्षांपासून. डॉक्टर म्हणाले, हा मळ नव्हेच. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण वाढू लागले की मानेवर आणि काखेत असे काळे, मखमली पट्टे उमटू शकतात. लगेच रक्त तपासले. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ५.९ आली. ती ५.७ च्या आत असावी लागते आणि ६.५ पासून डायबेटीस धरतात. लेक नववीत, वय १४, वजन ४४ किलो. “अहो, पण ती तर इतकी बारीक आहे!” आमच्या तोंडून निघून गेले.

बारीक म्हणजे निरोगी, असे आपल्या घराघरांत धरून चालतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतःच हलकी, सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत जे कमी पडले ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत होती. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटायच्या आत गाठणे, असे त्यांनी गमतीने लिहूनही टाकले.

आमची लेक याज्ञिकांच्या बाजूची. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र किंचित सुटलेले.

घरात पहिला हुकूम निघाला तो मिठाई आणि सरबत बंद करण्याचा. ठीकच होते, पण डॉक्टरांनी विचारले भलतेच : “ही दिवसातून धावते किती?” आम्ही घरी येऊन तिचा एक दिवस कागदावर मांडला. सकाळी रिक्षाने शाळा, दुपारपर्यंत बाकावर. जेवण, मग अरबीचा क्लास, बसून. ट्यूशन, बसून. गृहपाठ, बसून; मोबाइल, आडवे पडून. उठून चालणे सगळे मिळून वीसेक मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे धाप लागेल अशी हालचाल सांगते. २०१६ च्या आकडेवारीत जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के या मापात बसत नव्हत्या आणि मुलांपैकी ७८ टक्के. तेव्हा मुलग्यांच्या अम्मींनीही फार निश्चिंत राहू नये.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू. धावणारा स्नायू तर इन्सुलिनची वाटही पाहत नाही, थेट साखर ओढून घेतो, आणि व्यायाम थांबल्यावरही त्याचा गुण पुष्कळ तास टिकतो. वयात येताना इन्सुलिनचा प्रभाव सगळ्याच मुलामुलींत काही काळ कमी होतो. ती निसर्गाची रीत आहे आणि पुढे बहुतेकांचे सावरते. म्हणजे ज्या वर्षांत स्नायूंची मदत सर्वाधिक हवी, नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलीला म्हणतो, ‘आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस.’

आम्ही तरी काय वेगळे केले? शिक्षकी पेशातली एक कबुली देतो. परीक्षा जवळ आली की दहावीचा पीटीचा तास मागून घेऊन आम्ही त्यात मराठीचे व्याकरण शिकवले आहे. एकदा नव्हे, दरवर्षी. मुली एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत, आणि आम्ही त्याला शिस्त समजलो.

घरी दादींचा आक्षेप होताच, “मुलीच्या जातीला धावणे शोभत नाही.” तेव्हा अबू दाऊद शरीफमधली हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत त्यांना सांगितली. सफरीत त्या अल्लाहच्या रसूल (स.) यांच्याबरोबर शर्यत लावून धावल्या आणि जिंकल्या, पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा हरल्या. दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पण गच्चीवर.”

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. ती मिळवायला आम्हाला तीन चकरा पडल्या. असरच्या नमाजनंतर इमारतीतल्या सहा मुली दोरीच्या उड्या आणि पकडापकडी खेळू लागल्या. वरच्या मजल्यावरून धपधप होते म्हणून तक्रार आली, तेव्हा एक जुनी सतरंजी अंथरली. तीन महिन्यांनी लेकीचा आकडा ५.७ आला. मान अजून तशीच आहे. तिला वेळ लागतो म्हणतात. बेसन मात्र आता भज्यांपुरतेच, आणि तेही क्वचित.

पाऊस सुरू झाला आणि गच्ची शेवाळली. सध्या जिना चालू आहे, तळमजला ते चौथा, पाच फेऱ्या. दादी दारात खुर्ची टाकून मोजतात. परवा लेकीने तिसऱ्या मजल्यावरूनच परत फिरून पाहिले, तर खालून हाक आली, “ही धरली नाही हं!”