पत्रिका जुळवा, मग पाणी भरा

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आजीकडून ऐकलं असेलच. आपल्यापैकी जे घरीच पीसी जुळवतात आणि त्याला वॉटर कूलिंग लावतात, त्यांनी आजीचा हा धडा विसरू नये.

प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक बहुधा तांब्याचा असतो, कारण तांबं उष्णता झटपट वाहून नेतं. स्वस्तातला रेडिएटर मात्र अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचा निघतो. दोन्हींतून एकच पाणी फिरू लागलं की नकळत बॅटरीच तयार होते. १८०० साली व्होल्टाने दोन वेगळे धातू आणि खारट पाण्यात भिजवलेले तुकडे एकावर एक रचून वीज मिळवली, तोच हा प्रकार. यात बळी जातो अ‍ॅल्युमिनियमचा. त्याला खड्डे पडतात, गाळ सुटतो आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. पंप चालूच असतो, पण तापमान चढत जातं. रेडिएटरला भोक पडलं, तर पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर!

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेलाही हेच भोवलं. बाहेर तांब्याचा पत्रा, आत लोखंडी पट्ट्या. मधलं आवरण झिजलं आणि लोखंड गंजलं. १९८६ साली संपलेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या.

मग करायचं काय?

• तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेले भाग एकत्र नांदतात. त्यांत अ‍ॅल्युमिनियम घुसवू नका. चकचकीत रंगावर न जाता खोक्यावरचा धातू वाचा.

• नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटर घ्या. मात्र धातूंची जोडी चुकली असेल, तर तेही वाचवत नाही.

• गंजरोधक असलेलं तयार कूलंट उत्तम. त्यातलं बेंझोट्रायाझोलसारखं रसायन तांब्यावर पातळ संरक्षक थर धरतं. पण त्याचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणून बाटलीवर दिलेल्या मुदतीत कूलंट बदला.

• कंपनीतून भरून, बंद करून आलेल्या कूलरमध्ये पुष्कळदा तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही असतात. तिथे सगळी भिस्त आतल्या गंजरोधकावर असते. तो उघडून साधं पाणी ओतू नका.

कूलंट नंतर बदलता येतं, कुरतडलेला रेडिएटर मात्र फेकावाच लागतो. तेव्हा खरेदीच्या आधीच धातूंची पत्रिका जुळवून घ्या!